फ्रिजवरचा पाऊण गोल

आमच्या घरात फ्रिजच्या दारावर एक तक्ता होता आणि त्याच्यापुढे आम्ही सगळे जरा जपूनच वागायचो. पप्पा गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तिथे प्रत्येक लाइनवर असा तक्ता टांगलेला असतो. डावीकडे माणसांची नावं, वरती कामांची, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेला एक गोल. काम नुसतं बघितलं असेल तर गोलाचा पाव भाग भरायचा. कोणी शेजारी उभं असताना जमलं तर अर्धा. एकट्याने जमलं तर पाऊण. आणि तेच काम दुसऱ्याला शिकवून दाखवलं, तरच पूर्ण. पप्पांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती घरी आणली. आमच्या तक्त्यावर चहा होता, पोळ्या होत्या, गॅसची टाकी बदलणं होतं, पाण्याची मोटर होती. मम्मीने तिच्या नावापुढचे सगळे गोल पहिल्याच दिवशी एका दमात भरून टाकले. "मला शिकवणारं कोण आणि तपासणारं कोण?" असं म्हणून ती पेन परत देऊन गेली. पप्पांचा पोळ्यांचा गोल पाव होता. ते रोज बघत होते, एवढ्यावर तो मिळाला होता. आणि माझ्या ओळीत एकजात पाऊण गोल. एकीकडून खाल्लेल्या बिस्किटांसारखे. मला कामं यायची. पण शेवटच्या पाव भागासाठी बोलावं लागायचं.

मी बोलत नसे. यामागे मोठं दुःख वगैरे काही नव्हतं. घरात मम्मी-पप्पांची मराठवाड्याची मराठी, "काय करायलीस" आणि "कुठं चाललीस गं लेकरा" असली. शाळेत फक्त इंग्रजी. मराठी शब्द तोंडातून गेला की डायरीत रिमार्क. खाली सोसायटीत पुण्याच्या वळणाची मराठी आणि तिच्यात मुरलेलं हिंदी. आधी कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवायचं, मग वाक्य जुळवायचं, आणि तोवर समोरचा माणूस लिफ्टमधून उतरून गेलेला असायचा. मग मी मान हलवायला शिकले. मान सगळ्या भाषांत चालते. रहाटणीच्या त्या बिल्डिंगमध्ये मी इतकी वर्षं राहिले, तरी निम्म्या लोकांची समजूत होती की माझा घसा बसलेला असतो. खालचे मोमीन काका तर दिसले की विचारायचे, "बेटा, हळद-दूध घेतेस ना?" आणि मी मान हलवायचे.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बाहेरगावच्या माणसाला हे समजावताना अजूनही माझी दमछाक होते. शाळेला रविवार, कंपन्यांना गुरुवार. त्यामुळे पूर्ण लहानपणात पप्पा आणि मी एकाच दिवशी घरी आहोत, असं फक्त सणाला आणि जयंतीला घडलं. गुरुवारी मी शाळेतून, पुढे डिप्लोमाच्या कॉलेजातून परत यायचे तेव्हा जिन्यातच मटणाचा वास यायचा. पप्पांची सुट्टी म्हणून आमचं मटण गुरुवारी. पण निम्म्या बिल्डिंगचा गुरुवार उपासाचा नाही तरी सात्त्विक. वरच्या मजल्यावरचे सावंत काका अस्सल कोकणातले, मासे-मटणावर जीव, पण काकूंनी घरात गुरुवार पाळायला लावला होता. ते संध्याकाळी काही ना काही निमित्ताने आमच्या दारात यायचे. कधी पेपर मागायला, कधी पाना द्यायला. बोलताना दीर्घ श्वास घ्यायचे. मम्मी म्हणायची, "ते पेपर न्यायला न्हाई, वास न्यायला येतेत."

आणि गुरुवारचं दुसरं काम म्हणजे पप्पांच्या मोटरसायकलची चेन. हे काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत जुन्या टूथब्रशने चेनचा कळकट थर सोडवायचा. डिझेलची वाटी एका हाताला, फडकं दुसऱ्या. चेन कोरडी झाली की गिअर ऑइल थेंब थेंब आतल्या बाजूने सोडायचं, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या कड्यांपर्यंत पोचतं. जास्त सोडलं की उडतं. पप्पांच्या प्रत्येक पॅंटच्या डाव्या पोटरीवर काळ्या ठिपक्यांची एक रांग होती आणि त्या रांगेवरून मम्मी ती पॅंट कोणत्या महिन्यातली ते सांगायची. शेवटी खालच्या बाजूने चेन बोटांनी वर उचलून बघायची. दोन बोटं ढील पाहिजे. ताठ असली तर माणूस बसल्यावर ताणते, सैल असली तर चक्रावरून उतरते. नीट तेल दिलेल्या चेनचा आवाज मला फार आवडायचा. मांजर दुसऱ्या खोलीत घोरत असल्यासारखा. आता मी जी गाडी चालवते तिला चेनच नाही, बॅटरी आहे आणि पट्टा आहे. ती काहीच बोलत नाही. माझ्यापेक्षा गप्प कोणी असलेलं मला अजून नीट सहन होत नाही.

डिप्लोमा संपला आणि मला चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून घेतलं. हजर व्हायचं होतं शुक्रवारी. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नव्हती. रिक्षा, मग बस, मग दुसरी बस, मग शेअर रिक्षा, असं करत जायचं तर घरातून निघायची वेळ ही मम्मीच्या मते माणसाची नव्हती, दुधवाल्याची होती. पप्पांची आता कंपनीची बस दारात यायची. मोटरसायकल पार्किंगमध्ये उभीच असे. गाडी मला चालवता येत होती, लायसन होतं. मी जेवताना कसंबसं विचारलं. पप्पा भाकरी चुरता चुरता म्हणाले, "ने की. पण हायवेचं काम हाय. वाटेत काय झालं तर तू कुणाला विचारणार न्हाईस, मला माहितेय. रस्त्याच्या कडेला मान हलवत बसशील." मग फ्रिजकडे बोट दाखवलं. तक्त्यावर 'चेन' नावाच्या रकान्यात माझा पाऊण गोल होता. "तो पूर्ण कर. गाडी तुझी."

चेन तशीही बदलायलाच झाली होती. दोन्ही चक्रं गेल्या वर्षीच नवी घातली होती आणि त्यांचे दात अजून शाबूत होते, पण चेन एकाच जागी गंजली होती. आमच्या गाडीला चेनवर पत्र्याची पेटी होती, वरून बंद, खालून उघडी. तिच्यावर आत डोकावून बघायला एक भोक असतं आणि त्याला रबरी बूच असतं. ते बूच कधीतरी हरवलं आणि नेमकं त्या भोकाच्या वर सावंत काकूंच्या बाल्कनीतली तुळस. रोज सकाळी तुळशीचं जास्तीचं पाणी टिपटिप करत थेट चेनच्या त्याच कड्यांवर. गाडी चालू केली की दर थोड्या वेळाने "कट्क" असा आवाज यायचा. चेनला उचकी लागल्यासारखा. पप्पा नवी चेन घेऊन आले आणि ठरलं की गुरुवारी सकाळी मी ती बदलायची आणि बदलता बदलता मम्मीला शिकवायची. विद्यार्थिनी म्हणून मम्मी मी निवडली होती; चेनचा गोल तिने पहिल्या दिवशी न शिकताच भरून टाकला होता. जगात मी जिच्याशी पूर्ण वाक्यं बोलायचे अशी ती एकच होती. मला वाटलं होतं, पार्किंगच्या कोपऱ्यात आम्ही दोघी हळू आवाजात उरकून टाकू.

गुरुवार आहे, हे मी विसरले होते. म्हणजे, सगळी बिल्डिंग घरी आहे हे.

मम्मी कुकरमध्ये मटण चढवून, गाऊनवर ओढणी घेऊन खाली आली. "शिट्टीकडं कान हाय माझा, लवकर सांग," म्हणाली. पप्पा परीक्षक. फ्रिजवरचा तक्ता काढून पॅडला लावून उभे. मी मम्मीच्या कानाशी जाऊन सांगायला लागले. चेनला एक जोडकडी असते, तिला लॉक म्हणतात, ती उघडली की चेन सुटते. पण सुटल्यावर जुनी चेन ओढून काढायची नाही. जुनीच्या टोकाला नवी जोडायची आणि मग ओढायची, म्हणजे जुनी बाहेर येता येता नवी आपोआप पुढच्या लहान चक्राला वळसा घालून येते. हे फार महत्त्वाचं होतं, कारण पुढचं चक्र इंजिनाच्या झाकणाआड असतं, आणि त्या झाकणाचा एक बोल्ट पप्पांनी गेल्या वर्षी झाकण परत लावताना चुकीच्या पान्याने फिरवून पार गुळगुळीत करून ठेवला होता. झाकण निघत नव्हतं. हा विषय घरात काढायचा नसे. मी मागची पेटी काढली, लॉक उघडलं, आणि नवी चेन घ्यायला वळले, तेवढ्यात चेअरमन अण्णांचा आवाज आला.

"काय राव, गुरुवारचं काय काढलंय?"

अण्णा त्याच जमिनीचे मूळ मालक. बिल्डिंग होण्याआधी तिथे त्यांची ज्वारी असायची आणि कुठलीही गोष्ट ते ज्वारीपासून सुरू करायचे. त्यांच्यामागून मोमीन काका, हातात चहाचा कप. ते एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये सुपरवायझर होते आणि रंगाखेरीज गाडीकडे बघत नसत. आणि जिन्यातून, दीर्घ श्वास घेत, सावंत काका. ते शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा बनवायचे.

"लेकरू चेन बदलायलंय," पप्पा म्हणाले. "आईला शिकवायलंय."

"वहिनींना?" सावंत काका म्हणाले. "अरे, मग आम्ही काय मेलो की काय!" आणि बाह्या वर सारल्या.

हे आमच्या भागाचं वैशिष्ट्य आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांनी मिळून पूर्ण मोटरसायकल बनवली असती. एक स्प्रिंग करतो, एक रंग देतो, एक गिअर तपासतो, मागच्या विंगमध्ये सीटचे आणि आरशांचे लोक होते. पण प्रत्येकाला आपापला तुकडा येतो. बाकीच्या तुकड्यांबद्दल फक्त मत असतं. आणि दुसरं म्हणजे, इतकी वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाच्या हातात जुना भाग आला की तो टाकून देत नाही. आधी तपासतो.

सावंत काकांनी लोंबणाऱ्या जुन्या चेनचं टोक हातात धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "मला सांगा, वापरून वापरून ही किती लांबली असेल?"

क्वालिटीच्या माणसाला असा प्रश्न विचारायचा नसतो. पप्पांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी याआधी फक्त माझ्या डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं. "मोजू की!" ते म्हणाले. बारीक मोजमापाचं व्हर्निअर आमच्या घरात मीठमसाल्यासारखं हाताशी असायचं. ते आणायला वळलेदेखील. मी म्हणाले, "नको, आधी नवी..." पण हे वाक्य माझ्या ओठांपासून मम्मीच्या कानापर्यंतच जाण्याइतक्या आवाजाचं होतं. सावंत काकांनी टोक ओढलं आणि सर्र करून जुनी चेन निघाली. शेवटची कडी झाकणाच्या आत दिसेनाशी झाली आणि खालून बाहेर आली. मोकळी. मी आणि मम्मी एकमेकींकडे बघत राहिलो.

मग अर्धा-पाऊण तास फार आनंदात गेला. जुनी आणि नवी चेन पेपरवर शेजारी शेजारी ठेवल्या. पप्पांनी व्हर्निअर लावलं. मोमीन काकांनी मोबाइलचा उजेड धरला. "लांबलीय!" पप्पा जाहीर करते झाले. "लांबलीच!" सावंत काका म्हणाले. अण्णा म्हणाले की ज्वारीच्या काळात बैलाची वेसणसुद्धा अशीच लांबायची. वरून सावंत काकूंनी चहा पाठवला. मग सगळे नवी चेन घालायला बसले, आणि ती आत जाईना.

वरच्या बाजूने ढकलली तर थोडी जायची आणि चक्रावर वळायच्या आधीच कड्यांचा ढीग व्हायचा. चेन ही गोष्ट ओढायची आहे. ढकलायला गेलं की ती रुसलेल्या पोरासारखी बसकण मारते. सावंत काकांनी ढकलून बघितली. पप्पांनी तेल लावून ढकलली. मोमीन काकांनी तांब्याची तार आणली, ती सरळ आत गेली आणि सरळ कुठेतरी निघून गेली. अण्णांनी सुतळी आणली. सुतळी आतच राहिली. ती काढण्यात पुन्हा वेळ गेला. झाकण काढू म्हणून सावंत काकांनी बोल्टला पाना लावला, तो गर्रकन फिरला आणि ते पप्पांकडे बघू लागले. पप्पा आभाळाकडे बघू लागले. काळेवाडीतलं नेहमीचं गॅरेज गुरुवारी बंद. दुपार झाली. मम्मी मधेच वर जाऊन मटणात पाणी घालून कुकर पुन्हा चढवून आली. वरून मटणाचा वास पायरी पायरीने खाली यायला लागला आणि सावंत काकांचं लक्ष कामावरून साफ उडालं.

"असं न्हाई जमायचं," पप्पा म्हणाले. "व्हाय-व्हाय करू."

कंपनीत काही बिघडलं की एकामागून एक 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, अशी ही पद्धत. पप्पांनी तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"चेन आत का जात न्हाई?"

"वळत नाही म्हणून," सावंत काका.

"का वळत न्हाई?"

"आतलं दिसत नाही ना," मोमीन काका.

"का दिसत न्हाई?"

"झाकण निघत न्हाई, मंग दिसंल कसं?" अण्णा म्हणाले. "आता झाकण का निघत न्हाई ते सांगा."

पप्पांनी घसा साफ केला. "हा 'का' आपण सोडून देऊ. दुसऱ्या बाजूनं येऊ. चेन बदलावी का लागली?"

"गंजली."

"का गंजली?"

"पाणी पडलं."

"पाणी कुठून पडलं?"

सगळ्यांनी एकदम वर बघितलं. बाल्कनीत सावंत काकू तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"माझ्याकडे कसले बघताय?" त्या वरून कडाडल्या. "माझी तुळस वाळवू काय तुमच्या गाडीसाठी? एवढीशी भोकं बुजवायला होत नाहीत आणि आले मोठे कारखाने चालवणारे! आणि तुम्ही ओ, तुम्ही तिथे काय करताय? गुरुवार आहे ना आज? मला इथे वास येतोय, तर तुम्हाला तिथे किती येत असेल!"

सावंत काकांनी श्वास रोखून धरला.

मी पायरीवर बसून बघत होते. इतका वेळ मी त्या चेनकडे बघत होते आणि ती कशासारखी वागते आहे हे आठवत होते. आणि मला आठवलं. मम्मीच्या परकराची नाडी. नाडी पूर्ण निघून आली की मम्मी तिच्या टोकाला सेफ्टी पिन लावते आणि नेफ्यात घालते. लहानपणी मी हे करायला बसले की पिन जोरात पुढे ढकलायचे आणि सगळं कापड गोळा होऊन बसायचं. मग मम्मी टपली मारून सांगायची की पिन ढकलायची नसते, पिन धरून ठेवायची आणि कापड तिच्यावरून मागे सरकवायचं. चेनचंही तेच होतं. चेन ढकलायची नाही. तिचं टोक वरून चक्राच्या दातांवर ठेवायचं, नुसतं धरून ठेवायचं, आणि चक्र फिरवायचं. चक्रच तिला घेऊन जाईल. आणि आतलं चक्र फिरवायला झाकण काढायला नको. गाडी गिअरमध्ये टाकायची, चावी बंद ठेवायची आणि किक हाताने हळूहळू दाबायची.

उत्तर माझ्याकडे होतं. फक्त त्यात परकर होता.

मी दुसरे शब्द शोधून पाहिले. इंग्रजीत त्याला ड्रॉस्ट्रिंग म्हणतात, पण अण्णांना ड्रॉस्ट्रिंग सांगून काय होणार होतं? नुसतं 'नाडी' म्हणून भागणार नव्हतं. कशाची नाडी, हे ओघाने आलंच असतं. आणि ज्या मुलीने या माणसांपुढे आजवर "हो काका" एवढंही स्पष्ट म्हटलं नव्हतं, तिने पार्किंगच्या मधोमध उभं राहून पहिलंच वाक्य परकराबद्दल बोलायचं? मी मम्मीच्या गाऊनची बाही ओढली. पण मम्मी वर बघत काकूंना काहीतरी खुणा करत होती.

तेवढ्यात पप्पा उठले आणि पॅडचा कागद सरळ केला. "जाऊ दे," ते म्हणाले. "गाडी आज न्हाई होत. उद्या बसनं जाईल ती. पुढच्या गुरुवारी गॅरेजवाल्याला इथंच बोलवू." आणि पेनाचं टोपण लावलं. टक्.

ते टोपण लागल्याचा आवाज मला पाठीच्या कण्यात ऐकू आला.

"पिन ढकलायची नसते!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. मागच्या विंगच्या भिंतीवर आपटून तो दोनदा ऐकू आला. सगळे वळले. आता थांबले तर जन्मात पुन्हा बोलता येणार नाही असं वाटून मी थांबलेच नाही. "परकरात नाडी घालताना पिन ढकलतो का आपण? पिन धरून ठेवतो आणि कापड सरकवतो! चेन धरून ठेवा आणि चक्र फिरवा! किकने! हाताने! आणि सावंत काका, तुम्ही आधी ती चेन सोडा!"

 वर आमच्या कुकरने लांबलचक शिट्टी दिली.

मी जमिनीकडे बघत होते. जमीन नेहमी मदतीला येते, पण त्या दिवशी फाटली नाही. मग अण्णांचा विचारमग्न आवाज आला. "बरूबर हाय की, राव. पायजम्याची बी आमी तशीच घालतो."

"सलवारीची तर त्याशिवाय जातच नाही," मोमीन काका म्हणाले. "केवढा मोठा नेफा असतो. पठाणी शिवली होती मी ईदला..."

"मी पेन्सिल वापरतो," सावंत काका म्हणाले. "मागच्या बाजूला खाच पाडायची."

"पिन बरी. पेन्सिल मोडती आत."

"नाही हो, कशी मोडेल? जाड घ्यायची."

बघता बघता मंडळी नाडीच्या चर्चेत पार रंगून गेली. गाडीचा एकेक तुकडा माहीत असलेली ती माणसं नाडीच्या बाबतीत मात्र सगळीच्या सगळी पूर्ण गोल निघाली. आणि माझ्याकडे कोणी विचित्र नजरेनं बघत नव्हतं. मोमीन काका फक्त एवढंच म्हणाले, "घसा सुटला बेटा तुझा. मी म्हटलं होतं, हळद-दूध."

मग मी मम्मीला शिकवलं. मोठ्याने शिकवलं, कारण आता हळू बोलण्यात अर्थ नव्हता. चावी काढून माझ्या खिशात घातली. गाडी गिअरमध्ये टाकली. मम्मीने चेनचं टोक वरच्या बाजूने आत सरकवून दातांवर टेकवलं आणि धरलं. "ढकलू नको." "न्हाई ढकलत." "नुसती धर." "धरलीय गं बाई, नाडीच हाय ती, मला शिकवू नको!" "शिकवतेच आहे मम्मी, गोलासाठी." सावंत काका किकवर हाताने भार देत होते, एकदम हळू, आणि मी "अजून... अजून... थांबा" म्हणत होते आणि ते खरोखर थांबत होते. कट्क कट्क करत चेन एकेक कडी आत जायला लागली. आणि मग झाकणाच्या खालच्या बाजूने, बिळातून बेडकाने डोकावावं तसं, चेनचं टोक बाहेर आलं. अण्णांनी टाळी वाजवली. वरून काकूंनी "आली का हो?" विचारलं. आणि पप्पांच्या पेनाचं टोपण निघाल्याचं मी ऐकलं.

मागच्या मोठ्या चक्रावर दोन्ही टोकं आणून जोडली. लॉकवर एक छोटी क्लिप बसते, माशाच्या आकाराची. तोंड बंद, शेपूट फुटलेली. "या माशाचं तोंड कुणीकडं करायचं?" मम्मीने विचारलं. "गाडी जाते तिकडे. मासा उलटा पोहत नाही." हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते असंच आलं, आणि सगळे हसले, आणि मला कळलं की आपण बोललो की लोक हसूही शकतात, चांगल्या अर्थाने. चाक सरळ बसवलं, नट आवळले, ढील बघितली. मम्मीने आपली दोन बोटं लावून बघितली, मग अण्णांनी त्यांची, आणि अण्णांची बोटं दुप्पट जाड असल्यामुळे पुन्हा थोडा वाद झाला.

पप्पा तक्ता घेऊन पुढे आले, पेन उघडून, चेहरा ऑडिटला आल्यासारखा. "तर, मला एक विचारायचंय—" ते म्हणाले. मम्मीने त्यांच्या हातातला पॅड ओढला, तेलाने काळा झालेला अंगठा माझ्या गोलाच्या उरलेल्या पाव भागात दाबला, पॅड परत दिला आणि म्हणाली, "झालं. मटण करपायलंय." आणि जिना चढून गेली. तो तक्ता मी जपून ठेवला आहे. निळ्या पेनाने भरलेले बाकीचे भाग आता फिके झालेत. अंगठा तसाच आहे.

सावंत काकांसाठी मम्मीने वाटीभर रस्सा आणि चार तुकडे आमच्या फ्रिजमध्ये ठेवले. शुक्रवार उजाडताच ते पेपर मागायला आले.

शुक्रवारी मी निघाले तेव्हा पार्किंगमध्ये सगळे उभे होते, लग्नाची वरात निघावी तसे. मोमीन काका फर्स्ट शिफ्ट चुकवून थांबले होते. मम्मीने मटण आणि भाकरीचा डबा माझ्या सॅकमध्ये कोंबला. चेन मांजरासारखी घोरत होती. काळेवाडी, चिंचवड, निगडी मागे पडली आणि तळवड्याच्या चौकापुढे, कंपन्यांच्या गर्दीत, मला तो आवाज ऐकू आला. खट्. थोडं पुढे गेलं की पुन्हा खट्. खट् खट्.

मी गाडी कडेला घेतली. स्टँडवर लावली, गुडघ्यावर बसले, आणि ढील बघायला लागले. दोन बोटं. बरोबर. माशाचं तोंड पुढे. बरोबर. मग आवाज कसला? तोवर एक गाडी थांबली, मागून दुसरी, मग तिसरी. आमच्याकडे बंद गाडीजवळून कोणी नुसतं पुढे जात नाही. गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं, पाठीला सॅक. "काय झालं मॅडम?" "आवाज येतोय का?" "बेअरिंग असेल. मी बेअरिंगलाच आहे." "छे, ब्रेक असणार राव." आणि त्यातला एक जण, चष्मा लावलेला, चेनकडे डोळे बारीक करून बघत म्हणाला, "ही जरा काढून बघूया का?"

"नाही!" मी म्हणाले.

तळवड्याच्या चौकातली निम्मी माणसं वळली असतील. तो एक पाऊल मागे सरला.

"हात नाही लावायचा," मी म्हणाले. "कालच बसवली आहे. मी बसवली आहे. ढील दोन बोटं आहे. तुम्ही चाक फिरवा, मी ऐकते."

त्याने मुकाट्याने चाक फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. आवाज नाही. मी विचार करायला सरळ उभी राहिले, आणि माझ्या पाठीवर, सॅकमध्ये, खट् झालं. सगळ्यांना ऐकू आलं. मी सॅक उतरवली, डबा काढला, उघडला. मटणाच्या डब्यात मम्मीने एक लांब दांड्याचा स्टीलचा चमचा ठेवला होता, कंपनीत पहिल्याच दिवशी लेकीने हाताने खाल्लं तर लोक काय म्हणतील म्हणून.

बेअरिंगवाला डब्यात वाकून बघत म्हणाला, "मटण आहे?" आणि दीर्घ श्वास घेतला.